जॉइंट स्टिरिओ: कॅसेटवरून केलेल्या एमपी३ मध्ये 'स' आणि 'श' गेले कुठे?

मोगरा_मुलुंड

मंडळी, तांत्रिक शंका आहे. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आमच्या मामाआजोबांकडे घरगुती मैफिलींच्या कॅसेटी होत्या. गिरगावातल्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या, आतल्या खोलीत गाणारे, बाहेरच्या खोलीत आणि गॅलरीत ऐकणारे. मामा मधोमध एक माइक टांगायचे आणि डेक लावून बसायचे. डेक स्टिरिओ होता, माइक मात्र एकच, दोन्ही चॅनलना जोडलेला. बहुतेक सगळं नाट्यसंगीत, थोडी भजनं.

कॅसेटी खराब व्हायच्या आत एका दुकानातून डिजिटल करून घेतल्या. पेन ड्राइव्हवर एमपी३ आले: १२८ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, आणि फाइलच्या माहितीत 'जॉइंट स्टिरिओ'. हेडफोनवर ठीक वाटतं. टेपची सळसळ आहे, पण शब्द कळतात. तीच फाइल स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथ स्पीकरवर (एकच छोटा डबा आहे) लावली की शब्द बोथट होतात. 'सखी'चं 'हखी' ऐकू येतं. तबल्याची चाट तर जवळजवळ नाहीशी होते. याच स्पीकरवर बाकीची गाणी छान वाजतात, म्हणजे स्पीकर बिघडलेला नाही.

दुकानदार म्हणाले, जॉइंट स्टिरिओच उत्तम. भाचा म्हणतो, जॉइंट म्हणजे दोन चॅनल एकत्र चेचून अर्धी माहिती फेकून दिलेली. खरं काय? बाबांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे हेडफोनचा त्यांना उपयोग नाही. जे काही आहे ते एका स्पीकरवर नीट वाजायला हवं.

हायफाय_हेमंत

भाचा हुशार आहे. माझा साधा नियम आहे, फाइलवर जॉइंट स्टिरिओ दिसलं की डिलीट. परत जा, ३२० केबीपीएस आणि साधा स्टिरिओ करून मागा. वेव्ह (न दाबलेली मूळ फाइल) मिळाली तर त्याहून उत्तम. १२८ मध्ये संगीत ऐकण्यापेक्षा खिडकी उघडून रस्ता ऐकावा.

खडूस_काका

एक माइक, आणि त्यातून साधा स्टिरिओ हवा! हेमंतराव, दोन्ही चॅनलमध्ये तीच बाई गातेय. दोनदा मोठ्याने लिहिली म्हणून दोन बाया होत नाहीत.

लोअर_परळ

वाचतेय. माझ्याकडेही आईच्या कॅसेटी पडल्या आहेत.

डबिंगवाला

मोगराताई, तुमच्या 'स'चा चोर जॉइंट स्टिरिओ नसावा असा माझा अंदाज आहे. पण आधी त्याच्याबद्दल थोडं लिहितो, कारण हेमंत म्हणतात तो समज मी अंधेरीतल्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

सीडीवर डावा आणि उजवा चॅनल वेगवेगळे असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं), प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल, मिळून सेकंदाला १,४११ किलोबिट. १२८ म्हणजे त्याचा अकरावा भाग. एवढी काटकसर करायची तर डाव्या-उजव्यात जे सामाईक आहे ते दोनदा का लिहा? म्हणून एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) डावा-उजवा याऐवजी बेरीज-वजाबाकी लिहितो. बेरजेला मिड म्हणतात, वजाबाकीला साइड. जुळ्या भावांचं वर्णन करताना आपण एकाचं पूर्ण सांगतो आणि दुसऱ्याच्या गालावर तीळ आहे एवढंच सांगतो, तसं.

आकड्यात बघा. एखाद्या क्षणी डावीकडे १००० आहे, उजवीकडे ९९६. मिड ९९८, साइडचा निम्मा २. परत ९९८ + २ = १००० आणि ९९८ − २ = ९९६. काही हरवलं का? या पायरीवर काहीही फेकलं जात नाही. (एमपी३ मध्ये भागाकार २ ने नाही, २ च्या वर्गमुळाने होतो. हिशोब तोच.) फेकाफेक होते ती नंतर, आकडे ढोबळ करताना, आणि ती डावा-उजवा लिहिला तरी व्हायचीच. उलट साइड जवळजवळ शून्य असेल तर त्याचे वाचलेले बिट मिडला मिळतात.

दुसरं म्हणजे, 'जॉइंट स्टिरिओ' हा शब्द दिसला म्हणून अख्खी फाइल बेरीज-वजाबाकीत लिहिलेली असते असं नाही. एमपी३ मध्ये दर ११५२ नमुन्यांची एक फ्रेम असते, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमच्या मथळ्यात चॅनलच्या पद्धतीसाठी दोन बिट राखलेले असतात: स्टिरिओ, जॉइंट स्टिरिओ, ड्युअल चॅनल आणि मोनो. जॉइंट असेल तर पुढचे दोन बिट सांगतात की या फ्रेममध्ये बेरीज-वजाबाकी वापरली आहे की नाही, आणि इंटेन्सिटी वापरली आहे की नाही. चांगला एन्कोडर दर फ्रेमला बघतो आणि परवडेल ते घेतो. तुमच्या फाइलवरचा शब्द एवढंच सांगतो की एन्कोडरला मोकळीक होती.

हायफाय_हेमंत

इंटेन्सिटीचा उल्लेख ओझरता करून सटकलात! खरा घोळ तिथेच आहे. इंटेन्सिटी स्टिरिओमध्ये फेजची (दोन चॅनलच्या लाटांमधल्या वेळेच्या जुळणीची) वाट लागते, हे तर मान्य कराल?

डबिंगवाला

सटकलो नाही, चहा आला होता.

शंभर टक्के मान्य. इंटेन्सिटी वेगळा प्राणी आहे. ठरावीक कंप्रतेच्या वर एन्कोडर दोन चॅनलचा एकच आवाज करतो आणि सोबत 'हा इतका डावीकडे, इतका उजवीकडे' असं प्रमाण लिहितो. परत उलगडताना दोन्हीकडे तोच आवाज कमीजास्त जोराने वाजतो. मूळचा वेळेतला फरक गेला तो गेलाच. यामागे कानाचा अभ्यास आहे: आवाज कुठून येतोय हे ओळखायला आपण खालच्या पट्टीत दोन कानांतला वेळेचा फरक वापरतो आणि वरच्या पट्टीत मुख्यतः जोराचा. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच हे मांडलं होतं. म्हणजे वरच्या पट्टीत बारीक फेज फेकली तर कान फार तक्रार करणार नाही, असा हिशोब. ६४ केबीपीएसला तो हिशोब वाजवी होता. टाळ्या, झांजा, पाऊस अशा गोष्टींवर तो उघडा पडतो.

जॉइंट स्टिरिओ बदनाम झालं ते याच्यामुळे, आणि सुरुवातीच्या घाईत लिहिलेल्या एन्कोडरांमुळे. फोर्टच्या फुटपाथवर एका सीडीत दीडशे गाणी मिळायची ते दिवस आठवा. झांज वाजली की पाण्याखालून वाजल्यासारखी. पण आज एमपी३ करायला बहुतेक सगळे 'लेम' नावाचा एन्कोडर वापरतात, आणि लेम इंटेन्सिटी लिहीतच नाही. त्याच्या जॉइंटमध्ये फक्त साधा डावा-उजवा आणि मिड-साइड या दोनच गोष्टी आहेत.

आणि एक उलटी गंमत. जवळजवळ मोनो आवाज कमी बिटांत साध्या स्टिरिओने लिहिला तर तो *वाईट* वाजू शकतो. कारण असं: गाणारी मधोमध आहे. डावीकडचा ढोबळपणाचा खरखराट वेगळा, उजवीकडचा वेगळा. डोक्यात गाणं मध्ये ऐकू येतं आणि खरखराट दोन्ही बाजूंना पसरतो. दोघांच्या जागा वेगळ्या झाल्या की गाण्याच्या आड खरखराट लपत नाही. मिड-साइडने लिहिलं तर मिडचा खरखराटही मध्येच येतो आणि आवाजाखाली झाकला जातो. बेल लॅब्जचे जॉन्स्टन यांनी फरेरा यांच्याबरोबर १९९२ मध्ये याच बेरीज-वजाबाकीच्या कोडिंगवर निबंध वाचला होता. एमपी३ घडवणाऱ्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत ब्रँडेनबर्ग आणि मंडळींनाही सुझान वेगाच्या बिनवाद्यांच्या गाण्याने याच कारणासाठी घाम फोडला: एकटा आवाज, मधोमध, लपायला जागा नाही.

कर्जत_फास्ट

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. बेरीज-वजाबाकी एमपी३ च्या कितीतरी आधीची आहे. एफएम रेडिओ तसाच चालतो. मुख्य जागेवर डावा + उजवा जातो, १५ किलोहर्ट्झपर्यंत. त्यामुळे जुन्या मोनो रेडिओला काही बदल न करता पूर्ण गाणं मिळतं. डावा − उजवा ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर वर चढवलेला असतो, आणि १९ ला एक पायलट सूर असतो, तो दिसला की स्टिरिओचा दिवा लागतो. अमेरिकेने १९६१ मध्ये ही पद्धत मंजूर केली.

मुंबईच्या स्टेशनांवरची गाणी ऐकत घाटाच्या दिशेला जाऊन बघा. सिग्नल पडायला लागला की आधी सगळी फसफस वजाबाकीच्या वाट्याला येते. बरे रेडिओ तिथे गुपचूप वजाबाकी बंद करून मोनो देतात. गाणं एकदम 'अरुंद' झालं पण स्वच्छ झालं, असं वाटतं ते यामुळे.

एलपीचंही तेच. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेत सुई आडवी हलते ती बेरीज, उभी हलते ती वजाबाकी. ईएमआयचे ब्लुमलाइन यांनी १९३१ च्या पेटंटमध्ये हे सगळं लिहून ठेवलंय.

खडूस_काका

कर्जत, प्रतिसाद आवडला. पण ताईंचा 'स' अजून कोणी शोधून दिलेला नाही.

डबिंगवाला

येतोय तिकडेच. मोगराताई, तीन प्रश्न.

१. हेडफोनवर गाणारी अगदी मध्ये बसलीय की किंचित एका बाजूला सरकलीय?
२. फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. ते चालू करून त्याच हेडफोनवर ऐका. स्पीकरसारखंच बोथट होतं का?
३. ऑडॅसिटी (आवाज-संपादनाचा प्रोग्राम) उघडून फाइल टाका. तबल्याचा एखादा तीक्ष्ण ठोका शोधा, एकेक नमुना ठिपक्यासारखा दिसेपर्यंत झूम करा, आणि वरच्या व खालच्या लाटेचं टोक एकाच उभ्या रेषेत आहे का बघा.

मोगरा_मुलुंड

१. किंचित डावीकडे! मला वाटलं माइकच तसा टांगला असेल.
२. हो. मोनो चालू केल्याक्षणी तस्संच. 'स' गेला.
३. रेषेत नाहीत. उजवी लाट चार ठिपके उशिरा आहे. पुढे एका ठिकाणी तीन, एका ठिकाणी पाच.

डबिंगवाला

सापडला. हा ॲझिमथ आहे, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा कल. एमपी३ चा काही संबंध नाही.

(एकच माइक दोन्ही चॅनलना लावला तर गाणारी डावीकडे कशी सरकेल? माइकला डावा-उजवा कळतच नाही.)

कॅसेटच्या टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर. त्यात दोन बाजूंचे मिळून चार पट्टे. डावा-उजवा शेजारी शेजारी, प्रत्येकी साधारण ०.६ मिलिमीटरचे. दोन्ही पट्टे एकाच हेडवर एकामागे एक नाही, एका उभ्या रेषेत वाचले जातात. हेडची फट टेपला अगदी काटकोनात हवी. ती जरा कलली की एक चॅनल दुसऱ्याच्या आधी वाचला जातो. टेपचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. चार नमुने म्हणजे ९० मायक्रोसेकंद, तेवढ्यात टेप सरकते ४.३ मायक्रोमीटर. दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर ०.९ मिलिमीटर धरलं तर हा कल पाव अंशाहून थोडासाच जास्त झाला.

आता बेरीज करा. चार नमुन्यांचा उशीर म्हणजे ५.५ किलोहर्ट्झच्या आवाजाची बरोबर अर्धी लाट. डावीकडे टेकडी असेल तेव्हा उजवीकडे खड्डा. बेरीज शून्य! तुमचा 'स' आणि 'श', चाटेची धार, सगळं याच परिसरात राहतं. हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळे चॅनल जातात, बेरीज होत नाही, म्हणून 'स' शाबूत आणि गाणारी फक्त आधी पोचणाऱ्या चॅनलकडे सरकलेली. एका डब्याच्या स्पीकरमध्ये दोन चॅनलची बेरीज होते आणि तिथे तो मरतो. बाबांच्या फोनवर मोनो केलंत तरी तेच होणार.

आणि गंमत बघा, अशा टेपवर मिड-साइडचा फायदाही निघून जातो. खालच्या पट्टीत दोन्ही चॅनल सारखे म्हणून साइड रिकामा, पण ५.५ च्या आसपास सगळंच साइडमध्ये. एमपी३ ला एका फ्रेममध्ये खालच्या-वरच्या सगळ्या कंप्रतांसाठी एकच निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे एन्कोडर अडकतो. एमपी३ नंतर आलेल्या एएसी मध्ये पट्टीपट्टीला वेगळा निर्णय घेता येतो, १९९७ पासूनची ती मोठी सुधारणा. तुमच्या १२८ मधले बरेच बिट या चार ठिपक्यांच्या उशिरापायी वाया गेले असणार.

हायफाय_हेमंत

म्हणजे १२८ पुरत नव्हतेच. मी ३२० म्हणत होतो.

डबिंगवाला

३२० ला हाच बोथट 'स' जास्त बिटांत मिळाला असता. :) घ्या ३२०, जागा स्वस्त झालीय, माझा विरोध नाही. फक्त त्या बिटरेटला जॉइंट बंद करून काही हाती लागत नाही.

मोगरा_मुलुंड

दुकानदारांना फोन केला. ते म्हणतात डेक कंपनी सेटिंगला आहे, तपासलेला आहे. मग?

डबिंगवाला

त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं. कललेला असणार तो मामांचा डेक. ज्या कोनात रेकॉर्ड झालं त्याच कोनात वाचायला हवं, 'बरोबर' कोनात नव्हे. म्हणून दर कॅसेटला वाजवणाऱ्या हेडचा स्क्रू जुळवावा लागतो. घाऊक काम करणारी दुकानं तेवढा वेळ देत नाहीत, दरही तसाच असतो.

दोन मार्ग आहेत.

पहिला, घरबसल्या. ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो करा, उशिरा असलेला उजवा चार नमुने सुरुवातीच्या दिशेने ओढा, मग मिसळून एकच मोनो करा. 'स' बराचसा परत येईल. मर्यादा दोन. उशीर तीन ते पाच असा डोलतोय, कारण कॅसेटच्या कवचात टेप डुलते, त्यामुळे एका आकड्याने सगळं जुळत नाही. आणि कललेल्या हेडने प्रत्येक पट्ट्याच्या आतही वरचे सूर खाल्लेत: ०.६ मिलिमीटरच्या पट्ट्याची वरची कड आणि खालची कडही एकाच वेळी वाचली जात नाही. तुमच्या कलाला १० किलोहर्ट्झचा आवाज प्रत्येक चॅनलमध्ये निम्म्यावर आलेला असेल. ते नमुने सरकवून परत येत नाही.

दुसरा, खरा. टेप पुन्हा वाजवायची. डेकच्या हेडला दोन स्क्रू असतात, त्यातला ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो ॲझिमथचा. पुष्कळ डेकमध्ये दाराचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की समोरून पोचता येतं. आउटपुट मोनो करा, टेप चालू ठेवा, बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू अगदी थोडा एकीकडे, थोडा दुसरीकडे. आठव्या हिश्शाचं वळणही खूप होतं. मोनोत सळसळ आणि 'स' सगळ्यात उजळ ज्या जागी लागतो तिथे थांबा. टेपची सळसळच उत्तम मापक आहे, गाणं सुरू व्हायची वाट बघायला नको. सुरुवात करण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर मार्करने खूण करा म्हणजे मूळ जागी परत येता येईल. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नको.

लोअर_परळ

मोनोच करायचं तर एकच चॅनल घेतला तर? बेरजेची भानगडच नाही.

डबिंगवाला

चालतं, आणि एक पट्टा खराब असेल तर तेच करावं. पण जुळलेल्या दोन पट्ट्यांची बेरीज केली की गाणं दुप्पट होतं आणि सळसळ, दोन्हीकडची वेगळी असल्यामुळे, तेवढी वाढत नाही. ३ डेसिबलचा फायदा फुकट मिळतो. घरगुती टेपवर ३ डेसिबल सोडू नयेत.

शून्य_एक

साठवायचं एमपी३ मध्ये नको, फ्लॅकमध्ये ठेवा. आणि दोन्ही चॅनल ठेवा, मोनो ही फक्त ऐकायची प्रत. फ्लॅकमध्ये काही फेकलं जात नाही, आणि तिथेही हेच बेरीज-वजाबाकीचं तंत्र आहे. चार पर्याय असतात: डावा-उजवा, डावा-साइड, साइड-उजवा, मिड-साइड. दर ब्लॉकला जे लहान पडेल ते.

मला त्यातली एक बारीक युक्ती फार आवडते. डावा १०००, उजवा ९९७. बेरीज १९९७, तिचा निम्मा ९९८.५. पूर्णांक हवा म्हणून फ्लॅक सरळ ९९८ लिहितो. अर्धा गेला, मग यात काही हरवत नाही असं कसं म्हणायचं? तर वजाबाकी ३ आहे, विषम. दोन आकड्यांची वजाबाकी विषम असेल तर बेरीजही विषमच असते. म्हणून उलगडताना कळतं की ९९८ ची दुप्पट १९९६ नसून १९९७ घ्यायची. १९९७ + ३ चा निम्मा १०००. बिट न् बिट परत.

दोन्ही चॅनल हुबेहूब एकच असतील तर साइड पूर्ण शून्य, आणि फ्लॅक तो ब्लॉक 'सगळं शून्य' एवढ्या एका नोंदीत संपवतो. अशी 'स्टिरिओ' फाइल मोनोएवढीच भरते. तुमच्या टेपवर तेवढं होणार नाही, सळसळ दोन पट्ट्यांवर वेगळी आहे.

ऑर्केस्ट्रावाला

धागा भारी चाललाय, माझी भर आणि रडगाणं.

आम्ही सोसायट्यांच्या गणपतीत कार्यक्रम करतो. रेडीमेड ट्रॅकवर गातो, सोबत ढोलकी-ऑक्टोपॅड जिवंत. ट्रॅकमध्ये डावीकडे फक्त क्लिक (ठेक्याची टिकटिक) असते, ती वाजवणाऱ्याच्या कानात. उजवीकडे संगीत, ते मिक्सरला. यंदा दहिसरला एका ट्रॅकमध्ये क्लिक बारीक आवाजात स्पीकरवर यायला लागली. 'टिक टिक टिक', आणि पुढच्या रांगेतल्या आजी विचारतात, घड्याळ कुणाचं? ट्रॅक एमपी३, ९६ केबीपीएस, जॉइंट स्टिरिओ. ट्रॅक बनवणारा म्हणतो तुमची केबल खराब.

डबिंगवाला

या धाग्यात जॉइंटवर खरा संशय घ्यावा अशी ही पहिली केस. :)

डावीकडे क्लिक आणि उजवीकडे संगीत म्हणजे दोघांत सामाईक काही नाही. चांगला एन्कोडर इथे मिड-साइडला हात लावत नाही. जबरदस्तीने मिड-साइड केलं तर दोन्हींत क्लिकही येते आणि संगीतही, आणि ढोबळपणाचा खरखराट दोन्हीकडे वाटला जातो. कोरी बाजू कोरी राहत नाही. ट्रॅक इंटेन्सिटी वापरणाऱ्या एन्कोडरने केला असेल तर आणखी वाईट: वरच्या पट्टीत एकच आवाज, आणि प्रमाण ठरवून दोन्हीकडे वाटलेला. संगीताच्या बाजूला जे वाजतं त्यात क्लिकचा 'टिक' मुरलेला असतो. बारीक 'टिक', ठोक नाही, हे तुमचं वर्णन याला जुळतं.

तपासायला सोपं आहे. फाइल ऑडॅसिटीत उघडा, उजवा चॅनल एकटा ऐका, गाण्याच्या आधीचे मोजणीचे ठोके असतात ना, तिथला भाग. तिथे संगीत नसतं. 'टिक' ऐकू आली तर फाइल दोषी, नाही आली तर केबल. पुढच्या वेळी ट्रॅकवाल्याकडून वेव्हच मागा.

आणि कुठल्याही ट्रॅकला ब्लूटूथने मिक्सरला जोडू नका. ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेकही जॉइंट स्टिरिओ वापरतो, पट्टीपट्टीला बेरीज-वजाबाकी. गाण्यासाठी उत्तम आहे, पण त्यात पुन्हा एकदा ढोबळीकरण झालंच.

हायफाय_हेमंत

नेट रेडिओवर ३२ केबीपीएसला स्टिरिओ कसा देतात मग? ते तर मला कायम खोटं वाटतं.

शून्य_एक

ते बरंचसं रचलेलंच असतं. एचई-एएसीच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅरामेट्रिक स्टिरिओ आहे. पाठवतात मोनो, आणि सोबत सेकंदाला दोन-तीन किलोबिटांत कुठली पट्टी किती डावी, किती उजवी, आणि दोन बाजू एकमेकींशी किती जुळत्या होत्या याची माहिती. तुमच्याकडचा डीकोडर त्यावरून दोन चॅनल रचतो. बातम्यांना, बोलण्याला झकास. तानपुऱ्याचा पसरलेला झंकार मात्र तिथे ऐकू नये.

मोगरा_मुलुंड

अपडेट. चार नमुने सरकवून मोनो केलेली फाइल आधी वाजवली. बाबा म्हणाले, 'आता ही बाई मराठीत गातेय.'

मग मामेभावाकडे पडून असलेला डेक आणला, लॅमिंग्टन रोडवरून त्याच्या आतला रबरी पट्टा बदलून घेतला. स्क्रू दाराच्या मागेच सापडला. सळसळ ऐकत फिरवायचं हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, अगदी स्पष्ट कळतं कुठे उजळतंय. ऑडॅसिटीत आता एखाद्या ठिपक्याचा फरक राहतो, तोही इकडेतिकडे डोलणारा. फ्लॅक दोन्ही चॅनल, आणि बाबांसाठी मोनो एमपी३.

एकच शंका: बी साइड लावली की पुन्हा बोथट होतंय. स्क्रू हलला का?

डबिंगवाला

हलला नाही. टेप उलटल्यावर कवचातले रूळ आणि दाबाची पट्टी वेगळी लागते, टेप जरा वेगळ्या कोनात धावते. बी साइडला स्क्रू पुन्हा जुळवायचा. एखादी कॅसेट दोन वेगळ्या डेकवर भरलेली असेल तर मधूनही जुळवावा लागेल, ऐकताना अचानक बोथट झालं की थांबून बघा.

आणि मामांच्या रिकाम्या सुरुवातीच्या पट्ट्या कापू नका. सळसळीवर जुळवायला त्याच लागतात.

ऑर्केस्ट्रावाला

फाइल बघितली. मोजणीच्या ठोक्यांत उजवीकडे 'टिक' आहे. केबलही बघितली, तिचा एक जॅक मोनो निघाला. ट्रॅकवाल्याला दोन्ही कळवलंय, तो फक्त केबलबद्दल बोलतोय.